पासंग

तुर्भ्याच्या मार्केटात, मसाला गल्लीच्या मागे
हणमंतराव शेडग्यांचा काटे दुरुस्तीचा गाळा.
पहिल्या भेटीत त्यांनी स्टूल पुसून दिलं,
चहा सांगितला आणि विचारलं,
"वेबसाइट वजनाला किती भरते?"
मी हसले नाही. पानाचं वजन असतंच आमच्यात.
म्हटलं, "दीड एमबी. जमलं तर एक."
"मग हलकीच बनवा. आमची गिऱ्हाइकं
पोत्यांच्या थप्पीआड उभी असतात, रेंज नसते तिथं."
इतकं नेमकं काम
ऐरोलीच्या काचेच्या इमारतींनीही मला कधी सांगितलेलं नाही.

निम्मे पैसे आधी, दोन बदल फुकट, पुढचे मोजून:
मी लिहून पाठवलं. त्यांनी अंगठा पाठवला.

लाल अजून लाल करा.
फोन नंबर मोठा. अजून.
पुतण्या म्हणतो, काटा हलता दाखवा.
पुतण्या म्हणतो, नका दाखवू.
कोपरखैरण्यात, वॉशिंग मशीनशेजारच्या टेबलावर
मी फाइलींना नावं देत गेले: फायनल, फायनल दोन,
शेडगे खरंच फायनल.
कपडे पिळून व्हायचे,
मी व्हायची बाकी असे.

एके दुपारी त्यांचं बोट स्क्रीनवर टेकलं,
नावाभोवतीच्या कोऱ्या जागेवर.
"ही एवढी रिकामी का? इथं भाडं फुटावर असतं, ताई."
डोळ्याला विसावा, श्वास, वगैरे
माझी उत्तरं तयार होती,
आणि त्या गाळ्यात ती मलाच गिळगिळीत वाटली.
शेजारच्या काट्यावर हळदीची भुकटी सांडलेली,
आकडा दोन ग्रॅमवर अडकलेला.
बोलता बोलता त्यांनी फडक्यानं ताट पुसलं.
"हे का पुसलंत?"
"शून्य आल्याबिगर वर काही ठेवायचं नसतं..."
म्हणता म्हणता थांबले.
स्क्रीनकडे पाहिलं.
"बरं. राहू द्या."

'आमच्याविषयी' हे पान तीन आठवडे तसंच पडून.
मग रात्री पावणेदोनला आवाज आला, अकरा मिनिटांचा:
कोरेगावहून दोघं आलो, मी नि भोईटे.
आधी पाठीवर पोती. मग भंगारातून एक काटा,
तो खोलून बसलो रात्रभर, त्यालाच कळायचं त्यातलं.
मध्ये स्टीलचं भांडं पडल्याचा आवाज,
मग बराच वेळ फक्त पंखा.
हिशेबावरून फाटलं. बारा वर्षं बोलत नाही.
"पाटीवर शेडगे आणि भोईटे आहे. तसंच ठेवा.
नंबर तेवढा माझाच टाका."

मी नाव मांडलं. एकाच मापाचे दोन शब्द,
तरी भोईटेकडे झुकत होतं,
वेलांट्या जड, मात्रा उंच.
मोजपट्टी म्हणत होती, मध्यावर आहे.
डोळा म्हणत होता, नाही.
मी 'आणि' जरा बारीक केला,
दोन पिक्सेल डावीकडे सरकवला.
याचे पैसे बिलात लावता येत नाहीत.
काय नावानं लावणार? पासंग?

शेवटच्या दिवशी मी बदल धरलेच नव्हते.
त्यांनी भिंतीकडे बोट केलं: खडूच्या सात रेघा.
"दोन तुमच्या बोलीत बसल्या. पाच माझ्या."
नोटा मोजल्या, परत मोजल्या, मला मोजायला लावल्या.
मग स्वतःचा मोबाइल तळहातावर आडवा धरला,
साइट उघडी,
हात जरा वरखाली केला, डोळे मिटून.

"बसली," म्हणाले.