आठ दहा ते आठ चाळीस

वर्षभर मी या वाडीत येतो तो बिलं थकली म्हणून,
नाहीतर माडाची झावळ तारांवर पडली म्हणून.
चोवीस डिसेंबरला मात्र इस्त्रीचा शर्ट घालून,
शमिकाला पुढे टाकीवर बसवून.

क्रुसाची वाडी. घरं एकवीस, खांब सहा,
आणि त्या सहांवर जे लटकलं होतं
ते बघून कुठल्याही वायरमनला घाम फुटावा.
चर्चच्या कौलांवरून निळ्या माळा,
सांतानबायच्या विहिरीला हिरवा काठ,
इनासच्या होडीला नाळेपासून सुकाणूपर्यंत पिवळे दिवे,
आणि होडीत लाल टोपीचा म्हातारा, हातात वल्हं.
आत मोटर होती, वल्हं हलायचं.
शमिकाने विचारलं, हा मासे वाटतो?

मी मनात अँपिअर मोजत होतो.
कुणाचा जोड उघडा, कुणाची वायर माडाला खिळ्याने ठोकलेली,
आकडा कुणाचा, तेही ठाऊक.
पण मी रजेवर होतो.

गोठ्यापाशी रांग.
चिऱ्यांचा डोंगर, चांदीच्या कागदाची नदी,
बशीत रुजवलेल्या नाचणीचं शेत,
मेंढरांत प्लास्टिकचा एक वाघ,
बस्त्यावच्या नातवाचा, त्याला कुणी हलवत नाही.
मधे नुसतं गवत.
'बाळ बारा वाजता येतला,' कार्मेलीन म्हणाली
आणि शमिकाच्या ओंजळीत कुलकुलं ओतली.

वर टांगलेल्या नखेत्रांतलं एक मी ओळखलं.
दिवाळीत ते आमच्या पडवीला होतं.
सांगाडा तोच, एक कोपरा मीच सुतळीने बांधलेला,
कागद तेवढा नवा.
बस्त्यावने नेलं होतं, फुकट नको म्हणून
दोन बांगडे ठेवून.

आठ दहाला गेली.
सगळी, एकदम.
आधी माणसं हसली.
मग कुणीतरी म्हणालं, 'वायरमन आसा हयसर.'
काही दिसत नसताना सगळे माझ्याकडे वळले,
ते मला कळलं.

शिडी आली. टॉर्च आली. शर्टाची इस्त्री गेली.
फ्यूज उडालेला. तार बांधायला किती वेळ?
बांधली.
किटकॅट खोबणीत घालणार,
तर खालून बस्त्याव : 'तां बघ.'

समुद्रात दुसरी वाडी पेटली होती.
पांढरीफेक, सरळ रेषेत,
बंदी असलेले ते दिवे पाण्यावर सोडून
अंड्यापिल्लांसकट सगळं वर बोलावणाऱ्या बोटी.
रोजच असतात.
आमच्या दिव्यांमागे त्या रात्री दिसल्या नव्हत्या, एवढंच.
इनासची रापण शनिवारी रिकामी आली होती.
त्याने मोजल्या, मोठ्याने. सोळा.
कुणी शिवी दिली नाही. सणाचा दिवस.
शमिका म्हणाली, 'बाबा, तिथे पण नाताळ?'

खांबावरून मला दोन्ही दिसत होतं,
काळी वाडी आणि उजळ पाणी.
हातात चिनीमातीचा तो तुकडा.
मी का थांबलो ते विचारू नका.
वाटलं, यांना पुरतं बघून होऊ दे.
मग वाटलं, नको, आज कशाला.
आणि तेवढ्यात सांतानबायने म्हणायला सुरुवात केली,
लाटेपेक्षा हळू.
पहिल्या दोन ओळी बेसूर, एकटीच्या.
तिसरीला बायका मिळाल्या.
चौथीला इनास, खोकत.
शेवट कुठे येतो मला माहीत नव्हतं,
म्हणून सगळे गप्प होईपर्यंत वाट पाहिली,
आणि मग लावला.

पोरांचा ओरडा. विहीर हिरवी.
होडीतला म्हातारा पुन्हा वल्हं मारू लागला,
समुद्र पुन्हा नुसता काळा.

सव्वीसला रजिस्टरात लिहिलं :
वीज बंद, आठ दहा ते आठ चाळीस.
कारण, फ्यूज.
इंजिनिअरने वर पाहिलं, 'एका फ्यूजला अर्धा तास?'
म्हटलं, साहेब, अंधार होता.