वाजवी

एकतीस वर्षं त्यांची पत्रं मी टाइप केली.
आता ऑफिस रिकामं करतेय. खाली बेकरी, वर आम्ही,
म्हणून उत्तर मेनमधल्या सगळ्या भांडणांना
अजून पावाचा वास आहे.

पहिली फाइल फिलोमेन दुबेची.
कागदगिरणीचं पाणी तिच्या विहिरीत उतरलं,
दोन गायी मेल्या, तिसरी आटली.
आल्सीद मिशो तेव्हा सव्वीस वर्षांचे,
कोट थोरल्या भावाचा, बाह्या आखूड.
गिरणीचा वकील पोर्टलंडहून आलेला. म्हणाला,
आम्ही वाजवी काळजी घेतली होती.
मिशोंनी विहिरीचं पाणी बाटलीत आणलं होतं.
बूच काढून त्याच्यापुढे ठेवलं:
साहेब, वाजवी घोट घ्या.
ज्यूरी हसली. वकिलाने चष्मा पुसला,
बाटलीला हात लावला नाही.
फी म्हणून फिलोमेनने बटाट्यांची चार पोती
जिन्यावरून स्वतः वर चढवली.

त्या बाटलीनेच त्यांना ऑगस्टाला, विधानसभेत पाठवलं.
तिथे भाषण इंग्रजीत,
पण मतं मोजायची ती फ्रेंचमध्ये, ओठांतल्या ओठांत,
ज्या आकड्यांसाठी शाळेत छडी खाल्ली होती त्याच आकड्यांनी.
शुक्रवारी पाच तास गाडी हाकत परत,
मागच्या सीटवर बर्फाचं फावडं.
शनिवारी जिनाभर माणसं:
कुणाची पेन्शन, कुणाचा हद्दीचा दगड,
कुणाची नदीपलीकडची, म्हणजे कॅनडातली, सून.

नदीचं विधेयक मी सतरा वेळा टाइप केलं.
सोळा मसुद्यांत तो शब्द नव्हता.
सतराव्या वेळी रात्री फोन आला.
"चौथं कलम. 'काळजी'च्या आधी एक शब्द घाल."
कोणता, मी विचारलं.
बराच वेळ तारेतून नुसता वारा ऐकू आला.
मग त्यांनी सांगितला.
"तीन मतं कमी पडतायत," म्हणाले.
बोलण्याचा पगार मला नव्हता.
घातला.

कायदा झाला, बँड वाजला, आणि त्याच बँडमागून
ते वॉशिंग्टनला गेले, चारशे पस्तीसांतले एक.
बारा वर्षं.
एकदा टीव्हीवर दिसले, चार सेकंद,
दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यामागे.
मी इथे टाइप करत होते:
आपला विषय माझ्या लक्षात आहे.
आपला विषय माझ्या लक्षात आहे.

मग फिलोमेनचा नॉर्मां खटला हरला.
तीच विहीर. न्यायाधीशाने चौथं कलम मोठ्याने वाचलं.
तो शनिवारी आला, ओरडला नाही,
टेबलावर भरलेली बाटली ठेवली
आणि टोपी घालून जिना उतरला.
मिशो पहाटे तीनपर्यंत बसून होते,
खाली भट्टी पेटेपर्यंत.

पुढच्या निवडणुकीत त्यांनी वॉशिंग्टन सोडलं
आणि विधानसभेच्या जुन्याच जागेला उभे राहिले.
लोक म्हणाले, म्हातारपण.
माणूस शिडी चढतो, उतरण्यासाठी मतं कोण मागतं?
एकेचाळीस मतांनी निवडून आले.
एका ओळीचं विधेयक मांडलं:
चौथ्या कलमातला एक शब्द वगळावा.
पडलं. पुन्हा मांडलं, पडलं.
तिसऱ्यांदा समितीतच राहिलं,
आणि त्या मार्चमध्ये, नदीचा बर्फ फुटायच्या आत, ते गेले.

वर्तमानपत्राने सगळी पदं छापली, क्रमाने,
शेवटचं सोडून. जागा नसावी.

आज खालच्या खणात बाटली सापडली.
बूच घट्ट आहे. पाणी
चार बोटं कमी.
उडून गेलं असेल इतक्या वर्षांत,
अशी शंका घ्यायला
वाजवी जागा आहे.
मी ती खोक्यात भरली नाही.