कोपऱ्यावरचा शेजारी

रात्री सव्वादोनला तेल कमी भरलं.
फार नाही, हजारात तीन भाग.
पण नळी दोन्ही तोंडांनी बंद,
आणि मी लिहिलेल्या समीकरणांत
कशालाच नाहीसं व्हायची परवानगी नाही.

पाणी, पाण्यात तेल, दोन्हींत हवेचे बुडबुडे.
तिघांचं एकमेकांशी पटत नाही
आणि जायचंय एकाच नळीतून.
त्यांची भांडणं मोजायला
मी नळीचे चार हजार शहाण्णव तुकडे पाडलेत,
वावरागणिक एक प्रोसेसर.
अख्खी नळी कुणालाच दिसत नाही.
प्रत्येकाला आपलं वावर ठाऊक,
आणि बांधापलीकडची एक ओळ,
तीही शेजाऱ्यानं मागच्या क्षणी सांगितली तशी.

यंत्र उभं आहे कायानीच्या जुन्या कागद गिरणीत.
माझे वडील, राउनो, एकतीस वर्षं
इथेच लगद्याच्या हौदावर होते.
लगदा म्हणजे तरी काय: पाणी, तंतू, हवा.
कागदाला भोक पडलं की ते पाइपावर पाना ठोकत जायचे
आणि जिथे आवाज पोकळ, तिथे थांबायचे.
त्यांच्या हौदाच्या जागी आता काळी कपाटं,
आणि कपाटांची ऊब
गावभर घरांच्या भिंतींतून फिरते.
वडिलांच्या गुडघ्यांना ती पोचते का,
विचारलं की ते हवामानावर बोलतात.

मी थेंबांना नंबर दिले आणि एकाच्या मागे लागले.
थेंब पाचशे सतरा, मोहरीएवढा.
बांधावर आला की अर्धा इकडे, अर्धा तिकडे,
तरी गोलच.
दोन परके त्याची वक्रता मिळून सांभाळतात,
एकमेकांचा चेहरा न बघता.
डावीकडून उजवीकडे सुखरूप.
खालून वर सुखरूप.
मग तो तिरपा निघाला,
चार बांध मिळतात त्या टोकाकडे,
आणि पलीकडे उतरलाच नाही.

डावीकडे विचार, उजवीकडे विचार,
वर, खाली, पुढे, मागे,
एवढं शिकवलं होतं मी सगळ्यांना.
तिरप्याचं राहून गेलं.

सात वाजता वडिलांचा फोन.
"हिल्या मोइलानेनचा रेडिएटर गार पडलाय सोमवारपासून.
तुझ्याच जिन्यात ना ती?"
"तुम्हाला कुणी सांगितलं?"
"पोस्टमननं. त्याला दूधवाल्या बाईनं."

माझ्या वरच्या मजल्यावर, पण समोरच्या बाजूला.
सौनाच्या यादीत तिचं नाव माझ्या नावाखाली दोन ओळी.
सहा वर्षांत मी तो जिना चढले नव्हते.
बाहेर उणे एकोणतीस.
हिल्या दोन कोट घालून स्वयंपाकघरात बसलेली,
आणि कॉफी मात्र आधीच तयार.

वडिलांनी रेडिएटरवर पाना ठोकला.
खालून वर, ठण, ठण, ठण,
वरच्या कोपऱ्यात: ठप.
किल्ली अर्धा आटा फिरवली.
आधी नुसती हवा, बराच वेळ, चिडलेल्या मांजरासारखी.
मग हवा आणि पाणी, थुंकत, भांडत.
मग काळसर पाण्याची सरळ धार
हिल्याच्या निळ्या वाडग्यात.
"एवढंसं होतं," ती म्हणाली, जरा खट्टू होऊन,
जणू चार दिवसांच्या थंडीला
याहून मोठं कारण हवं होतं.

घरी येऊन मी अकरा ओळी बदलल्या.
आधी डावी-उजवी.
मग वर-खाली, पण या खेपेला
आपलं सांगून झालं की ऐकलेलंही पुढे सांगायचं.
शेवटी पुढे-मागे, तसंच.
नवा शेजारी जोडावा लागला नाही.

रन पुन्हा रांगेत लागलाय, पुढे नऊजण.
वरून, तिरप्या दिशेनं,
नळीत काहीतरी खळखळतंय.