भाकरी उलटेपर्यंत

दोन्ही भाषा येतात म्हणून मला कामावर घेतलं.
फॉर्मवर चौदावा प्रश्न होता:
झटका किती सेकंद टिकतो?
मी मराठीत विचारायचो, कानडीत विचारायचो,
आणि दोन्हीकडच्या बायका
माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघून गप्प व्हायच्या.

मग नंदगडात एक म्हणाली,
भाकरी उलटेपर्यंत.
बिडीची निंगव्वा म्हणाली, एरडु रोट्टी,
आणि पिठानं माखलेली दोन बोटं वर धरली.
निपाणीहून माहेरी आलेली एक म्हणाली,
सात विड्या वळून होतात तेवढा,
दोरा गुंडाळण्यासकट.
मी रकान्यात लिहीत गेलो: माहीत नाही.
माहीत नाही. माहीत नाही.

रात्री जांबोटीला, दिवे गेलेले,
डॉक्टर अनगोळकर मेणबत्तीपाशी गठ्ठा चाळत होत्या.
चष्मा कपाळावर ढकलून म्हणाल्या,
एकवीस आया, आणि एकीलाही माहीत नाही?
मग मी सांगितलं. भाकरी. विड्या.
त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग माझ्याकडून एकेक नाव आठवून घेतलं
आणि फॉर्मच्या पाठीवर
पेन्सिलीनं सगळं लिहिलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या चुलीपुढे बसू लागल्या,
हातात शर्यतीचं घड्याळ.
नाचण्याची, पहिली बाजू: अठ्ठेचाळीस.
ज्वारीची: चाळीस.
लाकूड ओलं असेल तर विचारूच नका.
कुणाची तरी सासू तोंडाला पदर लावून हसली:
काय मोजूलीस बाई,
पोराचं डोस्कं की माझी भाकरी?
दोन्ही, डॉक्टर म्हणाल्या,
आणि धुरानं आलेलं पाणी डोळ्यांतून पुसलं.

भरमू साडेसहा वर्षांचा.
डोक्यावर कढत पाणी पडलं की
मान डावीकडे वळायची, नजर छपराला लागायची.
पाण्यातलं काहीतरी धरतंय, गाव म्हणालं.
कपाळावर जुना डाग होता, विळ्याच्या टोकाचा.
डॉक्टरांनी त्यावरून अंगठा फिरवला,
केव्हाचा, एवढंच विचारलं,
आणि तारीख लिहिताना
त्यांचं पेन दोनदा उमटलं नाही.

बंबातलं पाणी मोजायला त्या उठल्या
आणि तेवढ्यात भरमू, कोरडाच,
उंबऱ्यावर बसल्या बसल्या वाकडा झाला.
शेजारी धावले. कुणी कांदा फोडला,
कुणी चप्पल काढली,
कुणी किल्ल्यांचा जुडगा त्याच्या मुठीत कोंबू लागलं.
काही नको, डॉक्टर ओरडल्या,
कुशीवर घ्या, तोंडात काही घालू नका,
आणि त्याच्या डोक्याखाली
दोन्ही हात घालून मातीत बसून राहिल्या.

सगळं निवलं. भरमूला झोप लागली.
तेव्हा त्यांनी खिशातून घड्याळ काढलं.
काटा शून्यावर.
कळ दाबायची राहून गेली होती.
आठ वर्षांच्या कामात
पहिल्यांदाच झटका समोर घडला
आणि तो मोजलाच गेला नाही.

चुलीपाशी रेणुका, भरमूची आई,
तव्यावरून जळकी भाकरी काढत होती.
मागं न बघता म्हणाली,
एक पुरी, दुसरी अर्धी.
डॉक्टरांनी मला खूण केली. लिही.
मी सेकंद काढायला बोटं मोडू लागलो.
त्या म्हणाल्या, तसंच लिही,
ती म्हणाली तसंच.

पुढं बेळगावात भरमूचं डोकं तपासलं,
तारा चिकटवण्याआधी
दोनदा शिकेकाईनं धुवावं लागलं, इतकं तेल.
कागदावर रेघा निघाल्या,
त्या मला कधी वाचता आल्या नाहीत.
गोळ्या चालू आहेत. एक झटका दिवाळीत आला होता.
अहवालात शेवटी सेकंदच छापले,
तिथं भाकरी चालत नाही.

पण नव्या फॉर्मवर चौदावा प्रश्न बदललाय:
त्या वेळी तुम्ही काय करत होता?
आता रकाना पुरत नाही.
बायका बोलत राहतात, मी पान उलटतो,
आणि रेणुका, मागच्या भेटीत पाहिलं,
बादलीत कोपर बुडवून उभी होती,
ओठ हलत होते,
मोजत होती काहीतरी.