मूळ दस्त

खानापुरात, सब-रजिस्ट्रार कचेरीच्या आवारात
बाबांचं टेबल होतं. एक पाय आखूड,
त्याखाली फुटक्या कौलाचा तुकडा.
सिलास दानिएल बिडीकर, दस्तलेखक.
खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र.
आधी मराठीत. मग कचेरीची भाषा बदलली
तेव्हा पन्नाशीत बाबा कन्नड गिरवायला बसले,
माझ्या धाकट्या भावाच्या पाटीवर.

'करार' त्यांना खटकायचा.
अकरा महिन्यांच्या भाड्याचा वास येतो, म्हणायचे.
त्यापेक्षा 'ओडंबडिके' बरा,
उच्चारताना तोंड भरतं.

एका रविवारी नवे पाळकसाहेब म्हणाले,
नवा आला की जुना रद्द.
बाबांनी चष्मा काढला, पुसला, घातला.
घरी येताना मलप्रभेच्या पुलावर बोलले:
"रद्द करायला रद्दलेख लागतो.
कुठाय?"

जेवणं झाल्यावर त्यांनी मला कोरा कागद दिला.
मी दहावीत.
"काय बघूलालीस? लिही. लिहून देणार."
कोण, बाबा?
"तोच. दुसरा कोण.
लिहून घेणार: तंबूतला एक म्हातारा,
वय वर्षे पंचाहत्तर, धंदा मेंढ्या,
राहणार फिरस्ता. तसंच लिही."

चतुःसीमा?
बाबा थांबले. खिडकीतून रस्त्यावरची पाटी दिसत होती,
एका लिपीवर डांबर फासलेलं.
कुठल्या, ते सांगत नाही. पाळीपाळीने दोन्हींवर फासतात.
"वर चांदण्या, खाली वाळू," म्हणाले.
"मोजणी बाकी."

मग ती रात्र सांगितली.
जनावरं मधोमध चिरून समोरासमोर मांडलेली.
दोघांनी त्यातून चालायचं,
शब्द मोडेल त्याची हीच गत.
"आणि म्हातारा झोपला की!
धुमसती शेगडी एकटीच मधून गेली.
एकाच बाजूने जीव गहाण, बाळ.
असला दस्त चाळीस वर्षांत
माझ्या टेबलावर आला नाही."

मी विचारलं, आपलं नाव कुठंय यात?
आपण बिडीचे, वेशीबाहेरचे,
पणजोबा कातडी कमवायचे.
आपल्याला कोण काय लिहून देतंय?
बाबा हसले नाहीत.
"वारसांची ओळ बघ. शेवटी 'वगैरे' आहे.
त्या वगैरेत आपण."

बराच वेळ पंख्याचाच आवाज.
मग, पक्षकाराला बजावावं तसं:
"पण ज्यांच्या नावचा दस्त, ते लोक हयात आहेत.
हयात माणसाचा उतारा
आपल्या नावावर चढवू नये.
पंगतीला बोलावलंय,
घरधन्याला पाटावरून उठवायला नाही."

बाबा जाऊन अकरा वर्षं झाली.
मी गर्लगुंजीच्या रोपवाटिकेत काजूची कलमं बांधते.
दस्तातही कलमंच असायची,
एक, दोन, तीन, पोटकलम अ.
आम्ही खुंट गावठी घेतो, काडी जातिवंत झाडाची.
सगळेच तसं करतात, त्यात पैसा आहे.
त्याने उलटं केलं:
खुंट जातिवंत, काडी रानातली.
असला माळी आमचे मुकादम
दुसऱ्या दिवशी कामावर घेणार नाहीत.

आणि सुरी दोन्हीकडे लागते.
खुंटही चिरावा लागतो, काडीही तासावी लागते,
ओल्याला ओलं भिडलं तरच जीव धरतं.
पट्टी बांधताना कधी कधी
मला त्या शेगडीचा धूर आठवतो,
मी न पाहिलेल्या.

तो कागद ट्रंकेत आहे.
खाली लिहून घेणाराची जागा कोरी.
बाबांनी मला सही करू दिली नव्हती;
झोपलेल्याची सही कशी घ्यायची, म्हणाले.
परवा उघडून बघताना
काजूच्या चिकाने काळा पडलेला माझा अंगठा
तिथं टेकला.

चुकून.
पुसायला गेले नाही.