वाडग्याच्या दोन बाजू

बर्लिनला, लिख्टेनबर्गमध्ये,
आईच्या टपरीवर अजून जुनीच पाटी आहे : चायना-पॅन.
आई नाम दिन्हची. चीन तिने पाहिलेला नाही.
सत्त्याऐंशीत करारावर शिवायला आली,
मग भिंत पडली, कारखाना बंद पडला,
आणि जर्मन गिऱ्हाइकाला तेव्हा
आमच्या तोंडाचा एवढा एकच देश पाठ होता.
तळलेल्या शेवया, वर गोड सॉस, साडेतीन मार्क.
खरं पातेलं मागे, पडद्याआड :
रात्रभर हाडं, भाजलेलं आलं, चक्रीफूल.
ते आमच्या माणसांपुरतं.

पॅरिसला, आव्हन्यू द श्वाझीवर,
ख्वेनमावशीकडे पडदा नाही.
पातेलं खिडकीतच, वाफेने काच आंधळी.
म्हातारे फ्रेंचमधून कुरकुरतात
की मिरचीत पूर्वीचा जीव राहिला नाही.
पाव इथूनच गेला होता, साहेबांबरोबर, बोटीने;
पोटात कोथिंबीर आणि मुळ्याचं लोणचं घेऊन परत आला.
मावशी तो विकते
जुनी उधारी वसूल केल्यासारखा.

आईची ती चुलतबहीण.
चोपन्नमध्ये तिच्या बापाने गाव सोडलं,
ती सायगावात जन्मली, पुढे समुद्र, छावणी, हे.
आम्ही जिंकलेल्या बाजूचे.
मग आम्हीही निघालोच.

आई मला झिएप म्हणते, मावशी यिएप.
लिहायला अक्षर एकच.
अर्थही एकच, पान.

यंदा आईला पहिल्यांदा घेऊन गेले.
मावशीने फोचा वाडगा ठेवला,
शेजारी ताटभर पाला, मोड, काळी गोड चटणी.
आई म्हणाली, "रस्सा जमला असेल
तर त्याला एवढे दागिने कशाला?"
मावशी म्हणाली,
"तुमच्याकडे होतं काय घालायला?"

चमचे थांबले.
आतल्या फ्रीजची घरघर ऐकू येऊ लागली.
मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले :
पडदा काढलाय आता आईने, पोरं रांग लावतात,
टोफूचा फो मागतात, हाडांशिवाय.
दोघींनी एकदम नाक मुरडलं,
उजवीकडेच, वरचा ओठ तस्साच ओढून.
आजोबांचा फोटो असाच आहे.

मग खाल्लं. आईने पाल्याला हात लावला नाही.
वाडगा मात्र तोंडाला लावून रिकामा केला.

परतीच्या गाडीत, मानहाइमच्या पुढे,
तिने पिशवीतून तिकीट शोधताना
कागदाची ओली पुडी बाहेर आली.
मोड होते, मूठभर.
"टाकूनच दिले असते तिने,"
आई खिडकीकडे बघत म्हणाली.