साखरझोपेच्या वेळी

खराडीत, चौथ्या मजल्यावर, पहाटे चारला
मी अमेरिकेची संसद ऐकते.
कानांत हेडफोन, पायाखाली पेडल.
दाबलं की सदस्य बोलतात,
पाय उचलला की वाक्याच्या मध्येच थिजतात.
एवढी सत्ता, तासाला एकशे नव्वद रुपयांत.

आजची फाइल : शेतकी उपसमिती, दुसरी बैठक.
विषय साखर.
बाहेरची किती येऊ द्यायची, त्यावरचा कोटा
ठेवायचा की उठवायचा.

आधी मला वाटायचं, कायदा त्या पांढऱ्या घुमटाखाली होतो.
एकीकडे चारशे पस्तीस, दुसरीकडे शंभर,
हात वर, हात खाली, झालं.
सात वर्षं पेडल मारल्यावर कळलं,
घुमट म्हणजे देवळाचा कळस,
लांबून हात जोडायला.
कायदा आतल्या बोळांत.
समितीच्या पोटात उपसमिती, तिच्या पोटात
सहा खुर्च्या, पाण्याचा एक जग
आणि एक अध्यक्ष.
त्यांनी विषयपत्रिकेवर घेतलं नाही
तर बिल मरत नाही.
झोपतं.

साक्षीला बीटवाल्यांचे वकील. तुपाळ आवाज,
एकही ‘अं’ नाही, टाइप करायला सोपे.
मग गोळ्या-चॉकलेटवाल्यांचे वकील, तेही तयारीचे.
शेवटी ग्राहकांच्या वतीने एक बाई.
पाच मिनिटांतली दीड माइक शोधण्यात गेली.
ती म्हणाली, दर घराचं थोडंथोडंच जातं.
तिथेच तिचा खटला बुडाला, मला वाटतं.
थोडंथोडं जाणाऱ्यांपैकी कोण रजा टाकून
राजधानीची बस पकडणार?
ते थोडंथोडं ज्यांच्याकडे साठतं
ते विमानाने येतात, दर महिन्याला येतात,
दारावरच्या शिपायाच्या मुलीचं नाव त्यांना पाठ असतं.

आणि मग, एक तास चौदा मिनिटं बत्तीस सेकंदांवर
अध्यक्षांच्या खुर्चीमागून कुणीतरी वाकलं.
माइक चालू होता.
‘हे इथेच राहू दे. निवडणुका होईपर्यंत.’
स्वच्छ. मी तीनदा ऐकलं.

नियमावली, पान अकरा :
समितीला उद्देशून नसलेलं बोलणं लिहू नये.
शेजारी इर्शाद तांबोळी विम्याच्या उपसमितीत बुडालेला.
त्याला विचारलं. एक कान मोकळा करून म्हणाला,
‘कुजबुज आपल्या रेटमध्ये नाही, हेमांगी.’
मी टाइप केलं :
अस्पष्ट.

घरी, चंदननगरला, बाबा उठलेले.
शिवाजीनगरच्या साखर संकुलात एकोणतीस वर्षं
आवक-जावकचं रजिस्टर त्यांच्या हातात होतं.
सगळं सांगितलं. त्यांना एकाच गोष्टीचं नवल वाटलं :
‘त्यांच्याकडे माइक चालू राहतो?’
मग बशीत चहा ओतत, स्वतःशीच :
‘आमच्याकडे खुर्चीमागून वाकायला कुणी यायचंच नाही.
ज्याचा कारखाना तोच खुर्चीत.
आत जागा असताना
बाहेर लॉबीत कोण ताटकळेल?’

मी हसले. ते हसले नाहीत.
‘पण तू नंबर टाकलास ना?
आवक नंबर पडला की कागद हरवतो,
पण नव्हताच असं कुणाला म्हणता येत नाही.’

वेळ टाकली, मी म्हटलं. अस्पष्टच्या पुढे,
तास, मिनिट, सेकंद.

‘मग ठीक. कुणी शोधलं तर सापडेल.’

कोण शोधणार, हे मी विचारलं नाही,
त्यांनीही सांगितलं नाही.
त्यांनी डबा उघडला, डॉक्टरांनी बंद केलेला
अर्धा चमचा घेतला,
माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे.

खाली शाळेची व्हॅन हॉर्न देत होती.
आख्खी गल्ली साखरझोपेतून उठत होती
आणि मी पडदे ओढत होते.